सही करण्यापूर्वी वाचणारा राष्ट्रपती

धर्माबादच्या न्यायालयात वकिली करताना एक प्रकार आमच्यापुढे वारंवार येतो. राखीव जागेवर निवडून आलेला आमचा एखादा सरपंच हातात नोटीस घेऊन येतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली त्याला पदावरून दूर करण्याची कारवाई सुरू झालेली असते. ज्या ठरावावरून हे सारे घडले त्यावर सही त्याचीच असते. मजकूर मात्र त्याने वाचलेला नसतो. गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांनी कागद पुढे सरकवला आणि याने सही केली, एवढीच ती कहाणी. बाबासाहेबांच्या संविधानाने त्याला खुर्ची दिली, पण खुर्चीवर बसून काय करायचे हे मात्र दुसऱ्याच कोणीतरी ठरवले.

अशा वेळी आम्हाला के. आर. नारायणन यांची आठवण होते. देशातील सर्वात उंच खुर्चीवर बसलेला हा पहिला दलित माणूस. त्या खुर्चीला लोक रबरी शिक्का म्हणत. समोर आलेल्या कागदावर सही करायची, वर्षातून एकदा सरकारने लिहून दिलेले अभिभाषण वाचायचे, आणि पाच वर्षे पूर्ण करून घरी जायचे, अशीच तिची ख्याती होती. नारायणन यांनी त्या खुर्चीत बसून कागद वाचले. काही परत पाठवले. काहींवर प्रश्न लिहिले. दिल्लीत सरकार एका विचाराचे आणि राष्ट्रपती दुसऱ्या पक्षातून आलेले, अशा काळात त्यांनी हे केले. ९ नोव्हेंबर २००५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. आता दोन दशके उलटून गेली. त्यांच्या जातीचा उल्लेख सर्वजण करतात, पण त्यांच्या कामाची आठवण आमच्या चळवळीतसुद्धा क्वचितच निघते. म्हणून हा प्रपंच.

केरळात कोट्टायम जिल्ह्यातील उझवूर हे त्यांचे गाव. तेव्हा ते त्रावणकोर संस्थानात होते. परवन या अस्पृश्य गणल्या जाणाऱ्या जातीत त्यांचा जन्म झाला. वडील वैद्यकी करीत. झोपडीवजा घर, पोरांची संख्या मोठी आणि मिळकत तुटपुंजी. शाळेसाठी हा मुलगा रोज भाताच्या खाचरांतून कित्येक किलोमीटर पायी जाई. फी थकली की वर्गाबाहेर उभे राहून धडा ऐकावा लागे. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती. दम्याने आजारी असलेला थोरला भाऊ इतरांची पुस्तके मागून आणून हाताने उतरवून देई. आमच्या मराठवाड्यातील आधीच्या पिढीला हे काही नवे नाही. निजामाच्या राज्यात आमचे आजोबा ज्या परिस्थितीत शिकले किंवा शिकू शकले नाहीत, तीच ही परिस्थिती.

१९४३ साली त्यांनी त्रावणकोर विद्यापीठातून इंग्रजी साहित्यात पहिल्या क्रमांकाने पदवी घेतली. या गुणवत्तेवर प्राध्यापकाची जागा मिळायला हवी होती. संस्थानचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी ती नाकारली आणि कारकुनाची नोकरी पुढे केली. नारायणन यांनी ती नोकरी तर घेतली नाहीच, पण पदवीदान समारंभात जाऊन पदवीही स्वीकारली नाही. पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९९२ मध्ये उपराष्ट्रपती झाल्यावर, त्यांनी ती पदवी घेतली. या माणसाने आयुष्यात परत पाठवलेला पहिला कागद हा स्वतःच्या पदवीचा होता, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. पुढे राष्ट्रपती भवनात जे घडले त्याचे मूळ येथे आहे.

त्यानंतर ते दिल्लीला गेले, वृत्तपत्रांत काम केले. टाटांच्या शिष्यवृत्तीवर १९४५ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बाबासाहेबांनी जेथे अध्ययन केले तीच ही संस्था. तेथे हॅरॉल्ड लास्की हे त्यांचे शिक्षक होते. परत येताना लास्कींनी नेहरूंच्या नावे पत्र दिले आणि १९४९ मध्ये नारायणन परराष्ट्र सेवेत आले. थायलंड, तुर्कस्तान, चीन आणि अमेरिका या देशांत ते राजदूत होते. १९६२ च्या युद्धानंतर चीनमध्ये भारताचा राजदूतच नव्हता. १९७६ मध्ये ती जागा पुन्हा भरली गेली तेव्हा त्यांची निवड झाली. मधल्या काळात जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे ते कुलगुरू होते. १९८४, १९८९ आणि १९९१ अशा तीन निवडणुकांत ओट्टपालम येथून काँग्रेसचे खासदार म्हणून ते लोकसभेत गेले आणि केंद्रात राज्यमंत्री झाले.

म्हणजे ते आमच्या चळवळीतले नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ना शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, ना रिपब्लिकन पक्ष, ना मोर्चा, ना तुरुंग. १९९७ मध्ये त्यांचे नाव राष्ट्रपतिपदासाठी पुढे आले तेव्हा आम्ही महाविद्यालयात होतो. तो काळ नामांतर लढ्याच्या जखमा ताज्या असण्याचा होता. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी एकमताने केलेला ठराव अमलात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला होता. त्यासाठी आमच्या नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना ठार मारले गेले आणि नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. अशा वातावरणात वाढलेल्या आम्हा तरुणांना काँग्रेसने पुढे केलेला दलित राष्ट्रपती म्हणजे दिवाणखान्यातील शोभेची वस्तू वाटत होता. विहारात बसून आम्ही तसे बोलतही होतो. आमचा तो अंदाज चुकला.

त्या निवडणुकीत काँग्रेस, संयुक्त आघाडी आणि भाजप अशा सर्वांनीच नारायणन यांना पाठिंबा दिला. विरोधात होते निवृत्त निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन, आणि शेषन यांच्यामागे आपल्या महाराष्ट्रातील शिवसेना उभी राहिली. नारायणन यांना ९,५६,२९० मूल्याची मते मिळाली, शेषन यांना ५०,६३१. २५ जुलै १९९७ रोजी शपथविधी झाला.

येथे थोडे संविधान समजून घेऊ. अमेरिकेत अध्यक्ष एका पक्षाचा आणि तेथील संसद दुसऱ्या पक्षाच्या ताब्यात, असे अनेकदा घडते. तेथील अध्यक्ष स्वतः सरकार चालवतो आणि त्याला नकाराधिकार असतो. आपल्याकडे तसे नाही. कलम ७४ प्रमाणे राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचे असते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हा सल्ला स्पष्टपणे बंधनकारक केला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने एक छोटी खिडकी उघडली. राष्ट्रपतींनी सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवावा, आणि फेरविचारानंतर जो सल्ला येईल तो मानावा. फक्त एकदा. शिवाय मंत्री संविधानावर निष्ठा ठेवण्याची शपथ घेतात, तर राष्ट्रपती कलम ६० प्रमाणे संविधानाचे जतन, संरक्षण आणि संवर्धन करण्याची शपथ घेतात. ती एक खिडकी आणि ही एक शपथ, एवढ्या भांडवलावर नारायणन यांनी पाच वर्षे काम केले.

पहिली कसोटी तीन महिन्यांत आली. ऑक्टोबर १९९७. उत्तर प्रदेशात बसपाने कल्याणसिंह सरकारचा पाठिंबा काढला होता. बसपातून फुटलेल्या आमदारांना घेऊन आणि मारामारीने गाजलेल्या बैठकीत कल्याणसिंह यांनी विश्वासमत मिळवले. राज्यपाल रोमेश भंडारी यांच्या अहवालावरून गुजराल मंत्रिमंडळाने कलम ३५६ खाली राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. नारायणन यांनी २२ ऑक्टोबरला ती परत पाठवली. बहुमताचा निकाल सभागृहातच लागला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई निकालात सांगितले होते आणि सभागृहाने तर कौल दिलेला होता. मंत्रिमंडळाने शिफारस सोडून दिली.

आता विचार करा. फायदा कोणाला झाला? भाजपला. तोटा कोणाला झाला? बहुजनांच्या पक्षाला. आपला माणूस राष्ट्रपती भवनात बसला आणि पहिला मोठा निर्णय मनुवाद्यांच्या पथ्यावर पडला, अशी चीड आमच्याकडेही व्यक्त झाली. आमदार फोडण्याचा तो प्रकार आजही आम्हाला निंद्य वाटतो. पण कलम ३५६ हे त्याचे औषध नव्हते, हे कायदा शिकल्यावर आम्हाला कळले.

मार्च १९९८ मध्ये बारावी लोकसभा आली. महाराष्ट्रातील आंबेडकरी जनतेला ही लोकसभा विसरता येणार नाही. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबई उत्तर मध्यमधून रामदास आठवले असे रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार निवडून आले, आणि चौघेही सर्वसाधारण मतदारसंघांतून. समोरच्या बाकांवर भाजप १८२ जागांसह सर्वात मोठा पक्ष होता. १९९६ मध्ये राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मा यांनी सर्वात मोठा पक्ष म्हणून वाजपेयींना बोलावले होते आणि ते सरकार तेरा दिवसांत गेले. नारायणन यांनी वेगळी वाट धरली. ज्यांचा पाठिंबा आहे त्यांची पत्रे आणा, असे त्यांनी वाजपेयींना सांगितले. जयललितांचे पत्र येईपर्यंत थांबले. पत्रे पाहिली, आकडे जुळवले, मग निमंत्रण दिले. आणि आपण हे का केले याची कारणे राष्ट्रपती भवनातून जाहीर निवेदनाने देशाला सांगितली. न्यायाधीश जसा निकालासोबत कारणे देतो, तसे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाजपेयी मंत्रिमंडळाने बिहारमधील राबडीदेवी सरकार बरखास्त करण्याची शिफारस पाठवली. सभागृहात त्या सरकारचे बहुमत होते. २५ सप्टेंबर १९९८ रोजी नारायणन यांनी तीही परत पाठवली. कलम तेच, मापदंड तोच. फरक एवढाच की यावेळी भाजपला फटका बसला होता. पुढे जानेवारी आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये जहानाबाद जिल्ह्यात शंकरबिघा आणि नारायणपूर येथे रणवीर सेनेने दलितांचे शिरकाण केले. त्यानंतर मंत्रिमंडळाने पुन्हा शिफारस केली आणि १२ फेब्रुवारीला राष्ट्रपती राजवट लागू झाली. राज्यसभेत बहुमत नसल्यामुळे सरकारला ती ८ मार्चला मागे घ्यावी लागली. ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली त्या शेतमजुरांचा विषय दिल्लीच्या आकडेमोडीत मागे पडला. ही आमची वेदना तेव्हाही होती, आजही आहे.

एप्रिल १९९९ मध्ये जयललितांनी पाठिंबा काढला. नारायणन यांनी वाजपेयींना सभागृहात विश्वास मिळवण्यास सांगितले. १७ एप्रिलला मतदान झाले: बाजूने २६९, विरोधात २७०. एका मताने सरकार पडले. बसपाच्या पाच खासदारांनी विरोधात मत दिले, त्याशिवाय हा निकाल लागला नसता. एका मताची किंमत काय असते हे बाबासाहेबांच्या लेकरांनी त्या दिवशी पाहिले.

यानंतरचा प्रसंग आम्हाला सर्वात बोलका वाटतो. सोनिया गांधी राष्ट्रपती भवनात गेल्या आणि २७२ खासदारांचा पाठिंबा असल्याचे त्यांनी सांगितले. ज्या पक्षाने नारायणन यांना तीनदा खासदार केले, मंत्री केले, त्या पक्षाच्या त्या अध्यक्षा. नारायणन यांनी वेळ दिला, पण मापदंड बदलला नाही. वाजपेयींना जे विचारले तेच यांनाही विचारले. आकडा जमला नाही आणि २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली. तेरा महिन्यांची ती लोकसभा. पुढच्या निवडणुकीत आपले नेते वेगवेगळ्या वाटांनी गेले आणि चार खासदारांचे दोन झाले. त्याचा दोष कोणा राष्ट्रपतीला किंवा मनुवाद्यांना देता येणार नाही.

ऑक्टोबर १९९९ मध्ये वाजपेयी पुन्हा आले, यावेळी भक्कम बहुमताने. संविधानाच्या पुनर्विलोकनाची भाषा सुरू झाली. देशभरातील आंबेडकरी वस्त्यांत अस्वस्थता पसरली. २७ जानेवारी २००० रोजी प्रजासत्ताकाच्या पन्नाशीनिमित्त संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात समारंभ झाला. पंतप्रधानांनी पुनर्विलोकनाची बाजू मांडली. राष्ट्रपतींनी त्याच व्यासपीठावरून विचारले की संविधानाने आपल्याला दगा दिला आहे की आपणच संविधानाला दगा दिला आहे, हे आधी तपासायला नको का? स्थिर सरकार की जबाबदार सरकार, या निवडीत मसुदा समितीने जबाबदारीला अधिक महत्त्व दिले होते, या बाबासाहेबांच्या भूमिकेची त्यांनी आठवण करून दिली. फेब्रुवारीत न्यायमूर्ती वेंकटाचलय्या यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. मात्र त्याचे काम संविधानाच्या कार्यपद्धतीचा आढावा घेणे एवढेच राहिले, आणि मूलभूत चौकटीला हात लावायचा नाही ही मर्यादा त्याला मान्य करावी लागली. केवळ एका भाषणाने हे झाले असे आम्ही म्हणणार नाही. रस्त्यावर जनता होती, न्यायालयाचा केशवानंद भारती निकाल होता. पण सर्वोच्च खुर्चीवरून तो प्रश्न विचारला गेला नसता तर आमचा आवाज मोर्चापुरताच राहिला असता.

वकील म्हणून आम्हाला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकांची फाईल त्यांच्याकडे आली तेव्हा त्यांनी नावे अडवली नाहीत, पण अनुसूचित जाती, जमाती आणि दुर्बल घटकांतील पात्र व्यक्तींचा विचार व्हावा अशी नोंद फाईलवर केली. त्यावर गदारोळ झाला, गुणवत्तेचा जुना पाढा वाचला गेला. पुढे जून २००० मध्ये के. जी. बालकृष्णन सर्वोच्च न्यायालयात आले आणि २००७ मध्ये सरन्यायाधीश झाले. बाराव्या लोकसभेतील त्या चार खासदारांपैकी रा. सू. गवई यांचे पुत्र भूषण गवई १४ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश झाले. फाईलवरची नोंद वाया जात नाही. ती दप्तरात राहते आणि पुढच्या माणसाला तिचा आधार मिळतो.

१८ डिसेंबर २००१ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूपाचे उद्घाटन नारायणन यांच्या हस्ते झाले. पुढच्याच वर्षी गुजरात पेटले. त्यांनी पंतप्रधानांना पत्रे लिहिली, भेटून सांगितले, लष्कराला खंबीरपणे कारवाई करू द्यावी असा आग्रह धरला. हे त्यांनी निवृत्तीनंतर जाहीरपणे सांगितले. खुर्चीवर असताना त्यांनी हे देशासमोर का मांडले नाही, असा प्रश्न आमच्यातील काही जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. कलम ७४ ची खिडकी किती लहान आहे, हे त्या वेळी उघड झाले. पत्र लिहिता येते, पण पत्राची अंमलबजावणी करून घेता येत नाही. जुलै २००२ मध्ये त्यांची मुदत संपली. सत्ताधाऱ्यांनी त्यांना दुसऱ्यांदा संधी दिली नाही. पुढे २०१७ मध्ये रामनाथ कोविंद आणि २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू त्याच खुर्चीवर निवडून आले. आपल्या समाजातील माणसे तेथे पोहोचू शकतात, हा प्रश्न आता राहिलेला नाही.

आता प्रश्न वेगळा आहे. आपला माणूस खुर्चीवर हवा, असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात नेमके काय असते? आपले काम करून देणारा, की संविधानाचे काम करणारा? नारायणन यांनी १९९७ मध्ये बसपाला न रुचणारा निर्णय दिला म्हणूनच १९९८ मध्ये बिहारचा कागद परत पाठवताना त्यांच्यावर पक्षपाताचा शिक्का टिकला नाही. वाजपेयींकडे पत्रे मागितली म्हणूनच सोनिया गांधींकडेही मागता आली. सर्वांना एकच माप लावणाऱ्या माणसालाच बलदंडांपुढे नाही म्हणता येते. दुर्बलांचे संरक्षण शेवटी त्या एका मापातच आहे, कारण माप बदलायची वेळ आली की ते बलवंतांच्या बाजूनेच बदलते.

तेव्हा आमच्या बांधवांना एक सूचना. २६ नोव्हेंबरला आपण संविधानाचे पूजन करतो, उद्देशिका वाचतो. त्यासोबत प्रत्येक विहारात महिन्यातून एक संध्याकाळ ग्रामपंचायत अधिनियमाला द्या. आपले सरपंच, उपसरपंच, सदस्य यांना बोलवा. ठराव कसा वाचायचा, इतिवृत्तात विरोध कसा नोंदवायचा, कोणत्या कागदावर सही करण्यापूर्वी मुदत मागायची, हे शिकवा. धर्माबाद तालुक्यातील कोणत्याही गावात आम्ही त्यासाठी विनामूल्य येऊ. विहारात बसून नारायणन यांना शोभेची वस्तू म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांनी एवढे तरी केलेच पाहिजे.

जयभीम.